अर्धे वाक्य : लहान मुलांचे गूढ बोलणे आणि ऐकणारी मोठी माणसे

तीन-चार वर्षांचे मूल असलेल्या घरात काही वाक्ये दबक्या आवाजात सांगितली जातात. आजोबा जाऊन महिना झालेला असतो आणि नातू रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणतो, ‘तिथं बसू नकोस, आजोबा बसलेत.’ आईच्या मांडीवर डोके ठेवून मुलगी विचारते, ‘तू कधी मरणार?’ या प्रश्नात काळजी नसते. रविवार कधी येणार, असे विचारावे तसा तो विचारलेला असतो. कोणी म्हणते, ‘मी मोठी होते तेव्हा तू माझं बाळ होतीस.’ कोणी अंधाऱ्या माळ्याकडे पाहून हात हलवते आणि जेवायला येते. ऐकणाऱ्याच्या मात्र अंगावर काटा उभा राहतो.

अशा वाक्यांवर भयकथांचा आणि चित्रपटांचा एक मोठा व्यवहार उभा आहे. मानसशास्त्राने त्यांचा वेगळा अभ्यास केला आहे. लोकश्रद्धेने तर या दोघांच्या कितीतरी आधी त्यांना आपल्या घरात जागा दिली आहे. या तिन्ही ठिकाणी एक प्रश्न कायम राहतो : हे जे गूढ म्हणून आपल्याला जाणवते ते नेमके असते कुठे? मुलात, त्याच्या वाक्यात, की ऐकणाऱ्यात? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, मूल अर्धे वाक्य बोलते आणि उरलेले अर्धे मोठी माणसे आपल्या भीतीने, लोभाने किंवा आळसाने पुरे करतात. या विषयावरचे चांगले साहित्य हे पुरे करणे कसे घडते ते दाखवते. सुमार साहित्य स्वतःच ते पुरे करून टाकते. आणि वाङ्मयाबाहेर, खऱ्या जगात, हे वाक्य चुकीचे पुरे झाले तर त्याची किंमत मुलालाच मोजावी लागते.

देवाघरचे व्याकरण

प्रथम मुलाकडे असलेली भाषा पाहू. ती त्याने आपल्याकडूनच घेतलेली असते.

मृत्यू हा शब्द मराठी घरात मुलासमोर सहसा उच्चारला जात नाही. आजोबा ‘गेले’, ‘देवाघरी गेले’, ‘चांदणी झाले’ असे आपण म्हणतो. आता ‘गेले’ हे क्रियापद मुलाला चांगले ठाऊक असते. बाबा ऑफिसला जातात आणि संध्याकाळी येतात. तेव्हा आजोबा कधी येणार, हा प्रश्न व्याकरणाला धरूनच आहे. दुसरीकडे, आईबाबांच्या लग्नाचा अल्बम पाहताना ‘मी कुठे आहे?’ असे मूल विचारते. आपण सांगतो, ‘तू तेव्हा देवबाप्पाकडे होतास.’ मुले ही देवाघरची फुले, असे तर आपण भिंतीवरही लिहून ठेवतो. म्हणजे जे गेले ते देवाघरी आहेत आणि जे यायचे होते तेही देवाघरीच होते. ही दोन विधाने चार वर्षांच्या मुलाने शेजारी शेजारी ठेवली, तर ‘मी देवाघरी होतो तेव्हा पणजोबा मला भेटले होते’ हे वाक्य तयार होते. आपण दचकतो. पण मुलाने आपल्याच दोन थापांवरून बिनचूक अनुमान काढलेले असते. एखादी मुलगी आजीच्या मृत्यूनंतर वर्षभरात जन्मली तर ‘आमची आईच पोटी आली’ असे तिच्या देखत शंभरदा बोलले जाते. तिसऱ्या वर्षी ती बापाला ‘मी तुझी आई आहे’ म्हणाली, तर तिने काय वेगळे सांगितले?

काळाचेही तसेच. लहान मुलाच्या तोंडी ‘काल’ म्हणजे आजच्या आधीचे सगळे. मागची दिवाळीही काल आणि सकाळचा चहाही काल. ‘मी मोठी होते तेव्हा’ या शब्दांमागे पूर्वजन्म असलाच पाहिजे असे नाही. भूत आणि भविष्य यांची बैठक अजून पक्की झालेली नसणे एवढेच त्यामागे असू शकते.

जीन पियाजे याने जिनिव्हात मुलांना प्रश्न विचारत विचारत जे टिपले, ते त्याच्या मुलांच्या जगविषयक कल्पनांवरील 1926 सालच्या पुस्तकात आहे. लहान मुलांना सूर्य-चंद्र आपल्यामागून चालतात असे वाटते. आपल्याकडेही चांदोमामा गाडीबरोबर धावतोच. पण पियाजेची याहून मोलाची नोंद स्वप्नांविषयी आहे. स्वप्न डोक्याच्या आत घडते हे लहान मुलाला उमगलेले नसते. ते बाहेरून येते, खोलीत असते, डोळ्यांसमोर असते, अशी त्याची समजूत असते. तेव्हा ‘रात्री माझ्या पलंगाजवळ एक माणूस उभा होता’ हे त्याच्या दृष्टीने साधे निवेदन आहे. त्यात रात्रीच्या पहिल्या प्रहरातल्या गाढ झोपेत काही मुलांना येणाऱ्या दचकण्याची भर पडते. मूल सताड डोळ्यांनी किंचाळते, जवळ घेणाऱ्या आईला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीही आठवत नाही. आठवते ते आईला, आणि रात्रभर जागी राहिलेलीही तीच असते.

मारिया नाज हिने बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या 378 मुलांच्या मृत्यूविषयीच्या कल्पना तपासल्या. तिचा निबंध 1948 साली प्रसिद्ध झाला. पाचाच्या आतल्या मुलांना मृत्यू म्हणजे प्रवास किंवा झोप वाटते. मेलेला माणूस दुसरीकडे कुठेतरी थोडेसे जगतच असतो. पाच ते नऊच्या दरम्यान अनेक मुले मृत्यूला माणसाचे रूप देतात. तो येतो आणि घेऊन जातो. मृत्यू अटळ आहे आणि तो देहाचा शेवट आहे, ही समज नवव्या वर्षाच्या आसपास येते. काल्पनिक सवंगड्यांचेही असेच. मार्जरी टेलर आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या सुमारे दोन तृतीयांश मुलांना असा कोणी सोबती कधी ना कधी होता असे आढळले. एवढ्या मुलांत आढळणाऱ्या गोष्टीला अघटित म्हणणे अवघड आहे.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. घरात गूढ बोलायला सुरुवात मुलाने केलेली नसते. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’, ‘पोत्यात घालून नेईल’ हे कोण म्हणते? माळ्यावर कोणीतरी आहे, हे त्याला आपणच सांगितलेले असते. त्याने फक्त त्या कोणाशी ओळख करून घेतली.

मुलासाठी भीती, मुलाची भीती

भीतीचे दोन प्रकार मात्र वेगळे ठेवायला हवेत. एक मुलासाठी वाटणारी भीती आणि दुसरी मुलाची वाटणारी भीती.

आपल्या परंपरेतला सर्वांत विलक्षण बाळ म्हणजे माती खाणारा कृष्ण. भागवताच्या दशम स्कंधात यशोदा त्याला तोंड उघडायला लावते आणि तिला त्यात सारे विश्व दिसते. त्या विश्वात गोकुळ दिसते, ती स्वतःही दिसते. यापेक्षा भयंकर बालदृश्य जगाच्या वाङ्मयात क्वचितच असेल. पण कथा पुढे काय करते? यशोदेला विसर पडतो आणि ती बाळाला मांडीवर घेते. कथेने भीतीला तिच्या टोकापर्यंत नेऊन वात्सल्यात परत आणले आहे. कठोपनिषदातला नचिकेत ‘मला कोणाला देणार?’ असे बापाला पुन्हा पुन्हा विचारतो. मुले एकच प्रश्न तीनतीनदा विचारतात, तसेच. बाप चिडून म्हणतो, मृत्यूला. इथे भयंकर वाक्य मोठ्या माणसाच्या तोंडचे आहे आणि मूल ते शब्दशः खरे मानून यमाच्या दारी जाऊन बसते. ज्ञान पुढे येते, पण ते बापाच्या वाक्याची किंमत मोजून.

घरगुती पातळीवर हेच काम सटवाई करते. तान्हे बाळ झोपेत हसते, ओठ काढते, एकदम रडते, तेव्हा ‘सटवाई हसवते, सटवाई रडवते’ असे बायका म्हणतात. आज आपल्याला ठाऊक आहे की डोळ्यांची हालचाल होणाऱ्या झोपेत नवजात बाळाच्या चेहऱ्यावर असे हसू आपोआप उमटते. पण समीक्षेच्या दृष्टीने सटवाईची सोय पाहण्यासारखी आहे. झोपेतल्या त्या अनोळखी हास्याला एक नाव मिळते, एक नातेही मिळते आणि बाळ कसल्याही संशयातून मोकळे राहते. तिन्हीसांजेला मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढतात, त्यातही भीती बाळासाठी असते, बाळाची नसते.

याचा अर्थ आपली परंपरा निर्मळ आणि पश्चिमेची विकृत असा काढू नये. पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते ही समजूत महाराष्ट्रातलीच आहे, आणि गुप्तधनाच्या लोभाने बळी दिली गेलेली मुलेही महाराष्ट्रातलीच. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला नरबळी आणि गुप्तधनाच्या शोधातले अघोरी प्रकार स्वतंत्रपणे नमूद करावे लागले, यातच सारे आले. मुलाच्या ठायी काही अद्भुत आहे असे ठरले की त्याला मखरात बसवणारे हात आणि खड्ड्यापाशी नेणारे हात एकाच घरात असू शकतात.

जे छापलेच नाही

मुलाची वाटणारी भीती वाङ्मयात सर्वांत खोल जाऊन पाहिली ती हेन्री जेम्सने. ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही त्याची दीर्घकथा 1898 साली ‘कॉलियर्स वीकली’मध्ये क्रमशः आली. कथानक सर्वपरिचित आहे. एका गरीब पाद्र्याची वीस वर्षांची मुलगी ब्लाय नावाच्या खेड्यातल्या हवेलीत दोन पोरक्या मुलांची शिक्षिका म्हणून जाते. मुलांचा काका लंडनमध्ये राहतो आणि कुठल्याही कारणाने आपल्याला त्रास द्यायचा नाही, ही त्याची अट आहे. मुलगा माइल्स दहा वर्षांचा, मुलगी फ्लोरा आठ वर्षांची. दोघेही देखणी आणि शहाणी. शिक्षिकेला हवेलीत दोन मृतांची भुते दिसू लागतात : पूर्वीचा नोकर पीटर क्विंट आणि पूर्वीची शिक्षिका मिस जेसेल. मुलांनाही ती दिसतात आणि मुले ते लपवतात, अशी तिची खात्री होत जाते.

एडना केंटन यांनी 1924 मध्ये आणि एडमंड विल्सन यांनी 1934 मध्ये भुते खरी नसून शिक्षिकेच्या मनाचे खेळ आहेत असा पक्ष मांडला. तेव्हापासून भुते आहेत की नाहीत या वादाने या कथेची समीक्षा व्यापून टाकली आहे. माझ्या मते हा वाद कथेच्या एका साध्या वैशिष्ट्यावरून लक्ष उडवतो. या कथेतल्या मुलांची सर्वांत भयंकर वाक्ये कथेत छापलेलीच नाहीत.

माइल्सला शाळेतून काढले आहे. का, ते मुख्याध्यापकाच्या पत्रात नाही. शेवटी तो कबूल करतो की आपण काही गोष्टी बोललो; फार जणांशी नाही, जे आवडत होते त्यांच्याशीच. काय बोललो, ते कधीच कळत नाही. तळ्याकाठी शिक्षिका फ्लोराला मिस जेसेल कुठे आहे असे विचारते. आपल्याला कोणी दिसत नाही, कधी दिसले नाही, मला हिच्यापासून दूर न्या, असे मुलगी रडून सांगते. त्या रात्री तापात ती शिक्षिकेविषयी जे बोलते ते ऐकून घरकाम पाहणारी मिसेस ग्रोस हादरते. पण ते शब्दही वाचकाला ऐकू येत नाहीत. उलट, जे छापलेले आहे ते किती निरुपद्रवी आहे! फ्लोरा पाण्याच्या काठी लाकडाच्या तुकड्यात काडी खोचून होडी करते आहे. माइल्स मध्यरात्री हिरवळीवर जातो आणि का गेलास म्हटल्यावर सांगतो की, तुम्ही मला एकदा तरी वाईट समजावे म्हणून. घरोघरीची मुले हेच करतात. शिक्षिका मात्र होडीच्या खेळात कपट वाचते, कारण तिच्या मते पलीकडच्या काठावर उभी असलेली बाई मुलीला दिसते आहे आणि तरी ती खेळते आहे.

पुढे 1908 च्या प्रस्तावनेत जेम्सने आपली युक्ती उघडही केली. दुष्टपणाचा तपशील आपण दिला नाही. तो वाचकानेच स्वतःशी कल्पावा अशी योजना केली. म्हणजे शिक्षिका ब्लायमध्ये जे करते तेच वाचक खुर्चीत बसून करतो. मुलाच्या मौनात आपल्याजवळची घाण ओततो आणि मग त्या मौनाला घाबरतो. कथा संपते तेव्हा शिक्षिकेला हवे ते नाव माइल्सच्या तोंडून निघते आणि तो तिच्या मिठीत मरण पावतो. भुताने मारले की मिठीने, हे जेम्स सांगत नाही. पण मुलाकडून वाक्य पुरे करून घेण्याच्या हट्टाचा शेवट त्याने दाखवला आहे. मुले शिक्षिकेला घाबरली असतील, हा विचार तिच्या साऱ्या निवेदनात फारसा कुठे डोकावत नाही. आणि ही कथा मुळात किती घाबरवणारी आहे ते तिथे कळते.

न ऐकणारे आणि फक्त दचकणारे

जादा ऐकणाऱ्या शिक्षिकेच्या समोर न ऐकणाऱ्या आईला उभे करावे. रे ब्रॅडबरीची ‘झीरो अवर’ ही कथा 1947 सालची. मिंक नावाची सात वर्षांची मुलगी अंगणात ‘आक्रमण’ खेळते आहे. त्यासाठी घरातली भांडी, हत्यारे, चमचे गोळा करते आहे. गुलाबाच्या झाडाखाली ड्रिल नावाचा कोणी तिच्याशी बोलतो. मोठी मुले या खेळात चालत नाहीत. ती आईला सगळे सांगते, अगदी सगळे. दुसऱ्या गावच्या मैत्रिणीशी बोलताना आईला कळते की तिथली मुलेही हाच खेळ खेळत आहेत. तरीही ती हसते. आई-वडील माळ्यावर लपतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

ही विज्ञानकथा आहे, तिचा शेवट परग्रहवासीयांचा आहे. पण तिचा जीव त्या संध्याकाळपर्यंतच्या संवादांत आहे. मूल एकही गोष्ट लपवत नाही. ‘पोरखेळ’ हा एक शब्द सगळ्या बातमीवर पडदा टाकायला पुरतो. जेम्सच्या शिक्षिकेने मुलांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावला, तर ब्रॅडबरीच्या आईला मुलीच्या बोलण्याचाही अर्थ लावायचा नाही. दोघींनीही मुलाला काय म्हणायचे आहे ते त्यालाच नीट विचारलेले नाही.

यानंतरच्या भयपटांनी हा सारा पेच सोपा करून टाकला. फिकट चेहरा, कोपऱ्यात पाठमोरे बसणे, काळ्या खडूने काढलेली चित्रे, मंद लयीतले बडबडगीत : हे साहित्य जमवले की विलक्षण मूल तयार होते. प्रेक्षक दचकतो आणि विसरतो. या साच्याचा तोटा किती, ते स्टीफन किंगच्या ‘द शायनिंग’वरून (1977) दिसते. डॅनी या पाच वर्षांच्या मुलाला टोनी नावाचा अदृश्य मित्र आहे आणि तो त्याला पुढच्या गोष्टी दाखवतो. स्टॅनली कुब्रिकच्या 1980 सालच्या चित्रपटात तो टोनी मुलाच्या तोंडात राहतो. मुलगा बोट वाकवून घोगऱ्या आवाजात त्याचे बोलणे सांगतो. चित्रपट आठवताना तो आवाज आणि दारावर उलटी लिहिलेली अक्षरे आठवतात. पण कादंबरीत त्या मुलाचा हात दारूच्या भरात त्याच्या बापानेच पूर्वी मोडलेला आहे. हॉटेलातल्या भुतांच्या आधी घरात एक भीती होती आणि टोनी तिच्याकडेच बोट दाखवत होता. अनुकरण करणाऱ्यांनी घोगरा आवाज उचलला आणि मोडलेला हात मागे ठेवला. मराठीत गूढकथेला नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. त्यांच्या वाटेने आज जाणाऱ्या लेखकाने हा फरक ध्यानात ठेवावा. मुलाच्या तोंडी विचित्र वाक्य घालणे सोपे असते. ते वाक्य त्या घरातल्या कुठल्या दुखण्यातून आले, हे शोधणे अवघड असते.

सेलमची चार वर्षांची साक्षीदार

इथवर कल्पित मुले होती. आता खऱ्या मुलीकडे येतो.

1692 सालच्या वसंतात मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथे डोरोथी गुड या चार-पाच वर्षांच्या मुलीला चेटकीण म्हणून पकडण्यात आले. तिची आई सारा आधीच तुरुंगात होती. तपास करणाऱ्यांनी मुलीला प्रश्न विचारले. आपल्याकडे एक छोटा साप आहे आणि तो आपल्या बोटाच्या पेऱ्याशी चोखतो, असे तिने सांगितले. दाखव म्हटल्यावर तिने बोट दाखवले; तिथे पिसू चावल्यासारखा तांबडा ठिपका होता. साप कोणी दिला? सैतानाने का? नाही, आईने दिला.

या उत्तरात चार वर्षांच्या मुलीचे सारे विश्व आहे. चावलेले बोट, एक कल्पित प्राणी आणि सगळ्या वस्तू जिच्याकडून मिळतात ती आई. पण चेटकिणीला दूध पिणारे एक जनावर पाळलेले असते, हे तपासणाऱ्यांना आधीच माहीत होते. तो सिद्धान्त त्यांच्याकडे तयार होता. फक्त बोट हवे होते. 19 जुलै 1692 रोजी सारा गुडला फाशी दिले गेले. त्या वर्षी सेलममध्ये एकूण 19 जणांना फाशी झाली. डोरोथी कित्येक महिने साखळदंडात होती. 1710 साली तिच्या बापाने भरपाईसाठी अर्ज केला, तेव्हा कोठडीतल्या हालांनी मुलीची सारासार बुद्धी उरली नाही असे त्याने लिहिले. मुलीचे ते वाक्य आज वाचताना अंगावर काटा येतो, पण सापामुळे नाही. ते इतक्या काळजीपूर्वक लिहून घेतले गेले आणि तरीही कोणीच ऐकले नाही, यामुळे येतो.

ही सतराव्या शतकातली अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या प्रकरणात 1983 पासून शेकडो मुलांची चौकशी झाली. सुचवणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा विचारलेल्या प्रश्नांतून भुयारे आणि उडणारी माणसे निघाली. 1990 पर्यंत खटले चालले आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. मुलांच्या तोंडून जे अद्भुत बाहेर पडले ते प्रश्नकर्त्यांनी आधी आत भरले होते. यातली सर्वांत दुःखद गोष्ट अशी की, या गदारोळात एखाद्या मुलाला खरेच काही सांगायचे असेल तर ते वेगळे ओळखण्याची वाटच बंद झाली.

मुकुलला काय हवे होते

या विषयावरची मला सर्वांत शहाणी वाटणारी भारतीय कलाकृती मुलांसाठी केलेला रहस्यपट समजून बाजूला ठेवली जाते. सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ (1974), त्यांच्याच 1971 च्या कादंबरीवरचा. कोलकात्याचा लहानगा मुकुल रात्री उठून चित्रे काढतो : किल्ला, मोर, लढाई. सोन्याच्या किल्ल्याजवळ आपले घर होते, घरात रत्ने होती, असे सांगतो. बातमी वर्तमानपत्रात येते आणि त्या एका शब्दावर, रत्नांवर, दोन भामटे झडप घालतात. परामानसशास्त्राचा अभ्यासक डॉक्टर हाजरा मुलाला राजस्थानात नेतो, मागे भामटे, त्यांच्या मागे फेलूदा.

रायांनी पूर्वजन्म खरा की खोटा याचा निकाल लावण्यात चित्रपट खर्ची घातलेला नाही. त्यांनी एका मुलाचे वाक्य किती माणसे किती तऱ्हांनी पुरे करतात, ते पाहिले. अभ्यासकाला त्यात पुरावा दिसतो, चोरांना गुप्तधन दिसते, वाचकांना बातमी दिसते. मुकुल मात्र सगळ्या प्रवासात उदासच आहे. त्याला हसताना पाहणे विरळा. जैसलमेरच्या किल्ल्यात पडके घर सापडते तेव्हा तो रडतो. आणि अखेर आपल्या घरी, कोलकात्याला, जायचे म्हणतो. पायाळूच्या समजुतीतला आणि चित्रपटातला लोभ एकच आहे : मुलाला जमिनीखालचे दिसते, तर ते आपल्याला खणून मिळावे. मुलाला मात्र घर हवे आहे, कुठल्या का जन्मातले असेना.

याच्या शेजारी शांतीदेवीची हकीकत ठेवावीशी वाटते. 1926 साली दिल्लीत जन्मलेली ही मुलगी चौथ्या वर्षाच्या सुमारास मथुरेतल्या आपल्या घराविषयी, नवऱ्याविषयी बोलू लागली. 1935 साली प्रतिष्ठितांची एक समिती तिला घेऊन मथुरेला गेली. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या इयन स्टीव्हन्सन यांनी जगभरातून अशी शेकडो प्रकरणे जमवली. मुले दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान असे बोलू लागतात आणि बहुधा पाच ते आठच्या दरम्यान थांबतात, ही त्यांची नोंद लक्षणीय आहे. त्यांचे निष्कर्ष कोणी मानो न मानो, ही नोंद सांगते की बहुतेक मुलांना हे विसरण्याची मुभा मिळते. शांतीदेवीला ती मिळाली नाही. तिने लग्न केले नाही आणि मोठेपणीही येणाऱ्या-जाणाऱ्यांना तीच कहाणी सांगत राहिली. चार वर्षांच्या मुलीने बोललेले वाक्य तिच्या जन्माला पुरले.

जसे बोलले तसे

तेव्हा ऐकावे तरी कसे? या प्रश्नाचे एक नेमके उत्तर मला वाङ्मयाबाहेर, कायद्याच्या कोरड्या भाषेत सापडते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याचे 26 वे कलम सांगते की, मुलाचा जबाब ते जसे बोलले तसाच नोंदवावा, आणि तो आईवडिलांच्या किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाच्या उपस्थितीत घ्यावा. त्यात भर घालू नये आणि पोरखेळ म्हणून तो टाकूनही देऊ नये. सेलमपासून तीन शतकांनी माणसाने शिकलेली गोष्ट या कलमात आहे. जो माणूस रात्री पलंगापाशी उभा असतो तो पुष्कळदा स्वप्नातला असतो. पण क्वचित तो शेजारचा, नात्यातला, जिवंत माणूसही असतो. ‘मुले काहीही बोलतात’ म्हणणारे घर आणि ‘याला काही बाधा झाली’ म्हणणारे घर, दोन्ही ठिकाणी तो माणूस सारखाच निर्धास्त असतो.

साहित्याकडूनही अपेक्षा हीच. जी. ए. कुलकर्णी यांच्यासारखा मृत्यूच्या आणि नियतीच्या सावलीत वावरणारा कथाकार ‘बखर बिम्मची’ लिहितो, तेव्हा तो बिम्मच्या प्राणिमात्रांशी चाललेल्या संभाषणाला रूपक करत नाही, शकुनही करत नाही. ते संभाषण तो चालू देतो. मुलाचे बोलणे मुलाच्याच मापाचे ठेवणे, ही जी. एं.ना साधलेली गोष्ट भयकथेलाही साधता येईल. जेम्सला ती उलट्या बाजूने साधली होती.

खुर्चीत आजोबा बसलेत असे नातवाने सांगितले, तर दिवा लावून पाहायची गरज नाही आणि मांत्रिकाकडे जायचीही नाही. ‘काय करताहेत?’ एवढे विचारता येते. बहुधा उत्तर येईल, ‘पेपर वाचताहेत.’ रोज त्या वेळी ते तेच करत असत आणि अजून कोणी त्याला आजोबा गेले म्हणजे काय झाले, ते सांगितलेले नसते.